आखाजीचा झोका आणि विमानाची वाट

नगररचनेच्या कचेरीत मी नकाशे तपासते, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते. जळगावजवळचं आमचं माहेरचं शेत विमानाच्या धावपट्टीला लागून आहे. अशा जागी किती उंच बांधायचं ते नकाशात रंगांनी ठरलेलं असतं. आमचं शेत नेमकं विमान उतरतं त्या रेषेत.

धाकट्या भावाने तिथेच तीन मजली घर बांधायचं काढलं. गावभर सांगून झालं, मग दिवाळीत परवानगीचे कागद आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी नकाशा उघडला. "तळमजला बांध. वर एक वीट चढणार नाही."

"अक्का, तू माझी बहीण की विमानांची?"

"या खुर्चीत बसले की विमानांची."

"मग यंदा आखाजीला माझी वाट पाहू नको," म्हणाला, आणि पेढ्यांचा पुडा परत पिशवीत टाकून निघून गेला.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ येऊन बहिणीला माहेरी नेतो आणि तिच्यासाठी झाडाला झोका बांधतो. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा एकटा. तो आला नाही की संपलं.

नवरा म्हणाला, "एवढं ताणायचं कशाला?" ताणायचं म्हणजे काय? त्या रेषेत शिकाऊ पोरं विमान उतरवायला शिकतात, त्यांचा हात अजून बसलेला नसतो. एखाद्याचा अंदाज चुकला तर पहिलं छप्पर माझ्याच भावाचं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, पण नाही ते नाहीच.

रविवारी बसून मीच त्याला तळमजल्याचा आराखडा काढून दिला. वडिलांनी लावलेल्या कडुनिंबाभोवती चौक, चौकाभोवती ऐसपैस खोल्या, आवाज अडवायला खिडक्यांना दुहेरी काच. नवऱ्याच्या हाती पाठवला. उत्तर आलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी मुकाट्याने घरीच सांजोऱ्या तळायला घेतल्या. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

"चाल अक्का, झोका बांधेल शे."

तोंड अजून फुगलेलंच होतं. मी गॅस बंद केला आणि पिशवी भरली.

शेतात घर उभं होतं, माझ्याच आराखड्याचं. कडुनिंबाचा शेंडाही छाटलेला दिसला, ते मी सांगितलं नव्हतं.

"झाडनी उंचीबी मोजतस ना?" त्याने विचारलं.

"मोजतात," मी म्हटलं.

मी झोक्यावर बसले. तेवढ्यात एक छोटं विमान घरावरून खाली खाली येत गेलं. दोघंही मान वर करून बघत राहिलो. ते नीट टेकलं. मग भावाने मागून झोक्याला जोर दिला.

"जास्त वर जाऊ नको अक्का, परवानगी लागीन."

मला हसू आवरेना, आणि रडूही.