फलाटावरच्या डॉक्टरीणबाई

कुठलाही राजवाडा बघायला न्या, ती दारातच पदर खोचून विचारायची, "ते सिंहासन राहू दे. भांडी कुठे घासायचे ते दाखवा." इथले इंग्रज गाईड बिचारे गडबडून जायचे, आणि आम्ही मैत्रिणी मागे उभ्या राहून तोंडाला रुमाल लावून हसायचो.

इंग्लंडात, लेस्टरच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी कामाला. ती रिसेप्शनवर, मी चादरी-कपड्यांच्या स्टोअरमध्ये. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल बघा. सगळ्यांना वाटतं हिला वेड आहे, आणि तिला वाटतं वेड बाकीच्यांना आहे.

हे वेड साताऱ्याकडचं. लहानपणी वडिलांनी गडावर नेलं. सगळी पोरं तोफेवर चढली, ही एका फुटक्या जात्यापाशी बसून राहिली. "ताई, हात लावला तर दगड मधे झिजून अगदी गुळगुळीत. कुणीतरी रोज दळलं असणार ना गं? पण आमच्या पुस्तकात ती बाई कुठेच नाही!" इतक्या वर्षांनी सांगतानाही आवाज भांडल्यासारखा.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या जवळ वाफेच्या गाड्यांचं एक जुनं स्टेशन आहे. उन्हाळ्यात एका वीकेंडला हौशी लोक तिथे दुसऱ्या महायुद्धातले कपडे घालून त्या काळातल्यासारखे वावरतात. बहुतेक पुरुष सैनिक होतात. पण आम्ही दोघी पहिल्यांदा बघायला गेलो, तेव्हा काही जणी साध्या संसारी बायका होऊन रेशनच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना पाहून हिने माझं मनगटच धरलं. "ताई, हे माझं!"

पुढच्या उन्हाळ्यात ही झाली लढाईमुळे इकडे अडकलेल्या हिंदी डॉक्टरची बायको. आणि मी? "तू माझी नणंद. फार बोलू नकोस." मला बोलू नकोस म्हणणं म्हणजे... असो. तिच्या अंगावर आईचं इरकली लुगडं, हाताने शिवलेलं पोलकं, वर लोकरीचा कोट, खांद्याला गॅसमास्कची पेटी; माझाही थाट तसाच. फाटकापाशी तिने माझ्या कपाळावरची टिकली उपटली. "नणंदबाई, ही गोंदाची टिकली तेव्हा कुठली?" मेण लावून वर कुंकू टेकवलं. माझा प्लास्टिकचा डबा गाडीतच राहिला, चिवडा कल्हईच्या पितळी डब्यात गेला.

एवढं करून आत गेलो, तर व्यवस्था बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "लव्हली दिसताय! पण हे खेड्यातलं स्टेशन ना, तुम्हाला बघून लोक कन्फ्यूज होतील. आत किचनमध्ये चहाचं बघाल का?"

माझे पाय किचनकडे वळलेसुद्धा. सवय हो, दुसरं काय! तिने मागून माझा कोट धरला.

"तेव्हाचंच सगळं हवं, हा तुमचा नियम पाळलाय," ती म्हणाली. "अगदी पोलक्याच्या दोऱ्यापर्यंत. यात काय चुकलं ते सांगा, मी बदलते."

बाई लाल झाल्या. बदलता येण्यासारखं त्यांना काही दाखवता येईना. ही सरळ फलाटावर गेली, मधल्या बाकावर बसली आणि विणकाम काढलं.

थोड्या वेळाने एक म्हातारा काठी टेकत आला. "मी इथलाच. तेव्हा तुमचे लोक नव्हते इथे."

"आहोत की," सुया न थांबवता ती म्हणाली. "डॉक्टर व्हिजिटला गेलेत. बोटी बंद आहेत, लढाई संपेपर्यंत आम्हाला सहन करा."

म्हातारा हसला नाही. पण बाकाच्या टोकाला टेकला, आणि त्याने विचारलं, "डब्यात काय आहे?"

त्यानंतर दर उन्हाळ्यात कुणीतरी नवा येऊन तेच म्हणायचा आणि ही तिथेच बसायची. "उठले तर पुन्हा पुस्तकातून गेले," म्हणायची.

आता ती नाही. शेवटच्या उन्हाळ्यात आजाराने पार खंगली होती. पहिल्या वर्षी किचनमध्ये पाठवणाऱ्या त्याच बाई फाटकापाशी व्हीलचेअर घेऊन उभ्या. ॲल्युमिनियमची, चकचकीत. हिने ती हाताने बाजूला सारली. "ही तेव्हाची नाही."

"आज कुणी काही म्हणणार नाही, डिअर."

"मी म्हणेन ना!"

मग काय, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्या बाई. लुगड्याचा काष्टा आवळून, थांबत थांबत, ती अख्खा फलाट चालली. मधल्या बाकावर कडक इस्त्रीच्या वर्दीतले दोन सैनिक ऐसपैस बसले होते.

बाईंनी लांबूनच आवाज दिला, "चला, उठा तिथून! डॉक्टरीणबाई आल्यात."