न मिटणारी वही

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच घराबाहेर पडली, माझ्याबरोबर कोकणात. परतल्यावर ती प्रवासाची वही करायला बसली. घरातला डिंक वाळला होता, म्हणून तिने भाताच्या शितांनी एसटीचं तिकीट चिकटवलं, मग देवळाच्या अंगणात वेचलेली बकुळीची फुलं. भोक पडलेला एक शिंपला तिने चक्क दोऱ्याने पानाला शिवला.

माझे ढीगभर फोटो फोनमध्ये तसेच पडून आहेत. फोटो उभ्याउभ्या काढता येतो. बकुळ वेचायला मात्र वाकावं लागतं, थोडं थांबावं लागतं. म्हणूनच की काय, सुकली तरी तिचा वास जात नाही.

शिंपल्यामुळे वही मिटेना. मी म्हटलं, “आई, हा काढू का? वही नीट बंद होईल.”

पुढचं कोरं पान हाताने सारखं करत ती म्हणाली, “बंद कशाला करतेस? अजून गोवा राहिलाय.”