तारेच्या आतला मुक्काम

लांबच्या सायकल प्रवासाला निघताना सोबत काय घ्यावं, असं मला बायका हमखास विचारतात. पन्नाशी ओलांडल्यावर सायकल हाती धरलेली बाई आमच्या यवतमाळात तशी दुर्मीळ, त्यामुळे मी आपोआप या विषयातली जाणकार ठरले आहे. मीही भाव न खाता सांगते. जादा ट्यूब एक नको, दोन घ्या, कारण आपल्याकडच्या बाभळीला एका काट्यात समाधान नाही. पंक्चरचं सामान हँडलजवळच्या पिशवीत ठेवा, कपड्यांच्या तळाशी नको. ओझं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं लटकवा. पाठीवर पिशवी घेऊन निघालात तर दारव्हा येईपर्यंत मान गेलेली असते. बांधायला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घ्या, बाजारातल्या रंगीत दोऱ्या उन्हात सैल पडतात. सीटवर गुबगुबीत कव्हर चढवू नका, पॅडची चड्डी घ्या आणि लाज सोडा.

इथपर्यंत सगळ्या हसत असतात. मग मी म्हणते, दिवस कलायला लागला की रस्ता सोडून कुणाच्या शेतात उतरू नका. "वाघ?" असं हमखास कुणीतरी विचारतं. मी नाही म्हणते आणि विषय बदलते. तो विषय इथे लिहून टाकते.

दिवाळीनंतरचे दिवस होते. यवतमाळहून निघून दारव्हा, दिग्रस, पुसद करत उमरखेडच्या बाजूला माझ्या सासरी पोचायचं, असा बेत होता. सासरी म्हणजे मोठ्या दिरांकडे. नवरा नोकरीसाठी गाव सोडून आला, पण शेत दोघा भावांचं एकत्र आहे आणि ते मोठे भाऊजी करतात. नवऱ्याला प्रवासापेक्षा प्रवासाच्या सामानाची हौस जास्त. कपाळावर बांधायचा दिवा, घडी होणारा पेला, आणि सगळ्यात लाडका म्हणजे नवा तंबू. तंबू आणल्यापासून हा माणूस तो दिवाणखान्यात दोनदा उभा करून आत झोपून आला होता. वाटेत शाळा होत्या, देवळांचे ओटे होते, ओळखीची घरं होती. पण तंबू घेतलाय म्हटल्यावर तो लावल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मी वाद घातला नाही, कारण तंबूतून दिसणाऱ्या चांदण्यांचं मलाही थोडं आकर्षण होतं.

दिग्रसला माझं मागचं चाक वाकडं चालायला लागलं. बाजारातल्या एका चाचांनी तारा कसून दिल्या. "भाभी, सामान कम करो," म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. त्यात उशीर झाला आणि पुढे दोन पंक्चर झाली. उन्हं उतरली तेव्हा आम्ही दिग्रस आणि पुसदच्या मध्ये कुठेतरी, एका टपरीवर चहा पीत होतो.

माझा नवरा वीस वर्षं खुर्चीत बसला तरी आतून शेतकरीच आहे. कुठेही चहा घेतला की त्याचा पहिला प्रश्न पिकाचा आणि दुसरा लाईनचा असतो. शेतीच्या पंपाची वीज आमच्याकडे पाळीने येते. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. टपरीवाला म्हणाला, "या हप्त्यात लाईन रातची हाये भाऊ. दहाच्या पहिले नाई येत." नवऱ्याने मान डोलावली. तेव्हा मला त्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्याला जागा सापडली. रस्त्यालगत कडुनिंब, पलीकडे सोयाबीन काढून मोकळं झालेलं वावर, त्याच्या पुढे हिरवा हरभरा आणि कोपऱ्यात विहिरीवरची लहान खोली. आसपास माणूस नव्हता. वावराच्या कडेने बुटक्या खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांच्यावरून मांडीएवढ्या उंचीवर बारीक तार गेली होती. दिसायला कपडे वाळत घालायच्या तारेहून बारीक. खुंट्यांवर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे होते.

तार रानडुकरांसाठी होती. डुकरं एका रात्रीत हरभरा उकरून टाकतात, म्हणून काही शेतकरी रात्री तारेत वीज सोडतात. खास मशीन लावलं तर हलका झटका बसतो आणि जनावर पळतं, ते वेगळं. पण कुणी कुणी सरळ मोटरच्या स्टार्टरमधून, म्हणजे पंपाच्या पूर्ण विजेवर जोडतात, आणि तिथे जो शिवतो तो उरत नाही. हे मी ऐकून होते. दरवर्षी कुठून तरी बातमी येते आणि मरणारा बहुतेक वेळा त्याच घरचा असतो.

"तारेत वीज असेल," मी म्हटलं.

"लाईन रातची हाये, ऐकलं ना? आता तार म्हंजे नुसती तार," नवरा म्हणाला. आणि त्याने ती बोटाने उचलून धरली, अगदी पाहुण्यासाठी पडदा धरावा तशी. "चाल, वाक."

मी वाकले आणि खालून गेले. तार माझ्या पाठीला घासली. हे वाक्य लिहिताना आत्ताही माझ्या अंगावर काटा आला आहे.

तंबू आणि अंथरूण आत टाकून तो सायकली आणायला परत गेला. मी तंबूची पिशवी उघडून त्याची कापडं उलगडत बसले. सूर्य टेकला होता. तेवढ्यात खटकन आवाज झाला आणि विहिरीवरची मोटर घुमायला लागली. कुणी आलं असेल म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. खोलीच्या दारावरचा बल्ब मात्र लागला होता.

मोटरीला ऑटो लावलेला असला की लाईन आल्याबरोबर ती आपली आपण सुरू होते, शेतकऱ्याने रात्री झोपेतून उठून यायची गरज नाही. मी बल्बकडे पाहिलं, मग खोलीच्या खिडकीतून निघून पहिल्या खुंटीकडे गेलेली वायर पाहिली.

नवरा कडुनिंबाखालून सायकल ढकलत येत होता. मी ओरडले, "थांबा! तारेत लाईन आली!" मोटरीच्या आवाजात त्याला शब्द कळले नाहीत. बायको हाका मारते आहे एवढंच कळलं, आणि तो भराभर यायला लागला. मी दोन्ही हात हलवले तर त्यानेही हसून हात हलवला. मी जितकी ओरडत होते तितका तो घाई करत होता. तारेजवळ येऊन त्याने सायकल स्टँडवर लावली आणि तार उचलायला तो खाली वाकला.

मी हाताला आलेलं ढेकूळ उचललं आणि नेम धरून नवऱ्याला हाणलं. पहिलं चुकलं. दुसरं हेल्मेटवर फुटलं. तिसरं छातीत बसलं, तसा तो ताठ उभा राहिला.

"येडी झाली काय वं! काहून मारून राह्यली?"

मी बल्बकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं. मग तारेकडे पाहिलं, आणि उचललेला हात हळूहळू मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला, जणू तो हात त्याचा नव्हताच. त्याचा चेहरा मी लग्नानंतर कधी तसा पाहिला नव्हता. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी त्याला अजून चार ढेकळं मारावीत इतका संताप आला.

आता तो बाहेर होता आणि मी आत. चारी बाजूंनी तार होती. कुठे खुंटी कलंडून ती गवतात लोळली असेल ते उजेड जात असताना कळायला मार्ग नव्हता. मोटर बंद करावी तर खोलीला कुलूप होतं. "हालू नोको," तो ओरडला. "जिथं हायेस तिथंच राहाय." मग हरभऱ्याच्या सरीतून पाणी आलं. पाइपचं तोंड भरून वाहत होतं आणि काळ्या मातीत चमकत ते मोकळ्या वावरात उतरलं. तंबूचं कापड भिजलं. माझ्या बुटांशी पाणी आलं. ओल्या जमिनीत वीज कशी चालते ते मला नीट माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मी एकेक पाय उचलून पाहत होते, मग तेही थांबवलं. पलीकडून नवरा सारखं काहीतरी बोलत होता. घरी गेल्यावर काय जेवायचं, मुलीला फोन करायचा, असलंच काहीबाही. मी फक्त त्याचे हात कुठे आहेत ते बघत होते.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. नाल्याच्या बाजूने एक माणूस धावत आला. गावातून त्याने मोटरीचा आवाज ऐकला होता. आम्हाला बघून तो क्षणभर थबकला, मग कुलूप काढून थेट खोलीत शिरला. बल्ब विझला, मोटर थांबली. एकदम इतकं शांत झालं की मला माझे दात वाजताना ऐकू आले.

"कोन होय तुम्ही? अंदर कायले गेले?" तो ओरडला, आणि पुढे काही बोलायच्या आत बांधावर मटकन खाली बसला. तरुणच होता. "टाईम बदलला काय माय! मले कोणी सांगतलंच नाई. आताच माही बायको इकडून काड्या घेऊन गेली."

मी तार ओलांडली. वीज बंद होती तरी नवऱ्याने काखेत हात घालून मला पलीकडे घेतलं. तो तरुण जवळ आला. हात जोडले. "कोणाले सांगू नोका ताई. मी कामातून जाईन."

"नाई सांगत," नवरा लगेच म्हणाला.

मला ते खटकलं. आत्ता मरता मरता वाचलेला माणूस इतक्या पटकन हो कसा म्हणतो? मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि तो सायकलच्या पिशव्या बांधायला लागला. मग मला समजलं.

"आपल्या शेतात आहे का अशी तार?"

त्याने मान वर केली नाही. "दादानं औंदा लावली," म्हणाला.

"अशीच? स्टार्टरमधून?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

त्याने फोन काढला. नंबर मी लावून दिला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि दोघांच्याही मनात एकच चित्र होतं, ते दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्यांदा भाऊजींनी उचलला. जेवत होते.

नवऱ्याने सगळं सांगितलं. सांगताना रडला. तार आजच्या आज काढ म्हणाला. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू आला. "तुले काई झालं नाई ना? बरं झालं. पण तार काढली तं डुकरं सारं खातीन. मंग तू ये, रातभर वावरात बस अन् हाकल." नवरा म्हणाला, "बरं, ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सासरी पोचलो. मी घरात गेले, शेतात पाय ठेवला नाही. भांडले, हात जोडले, मोठ्या जाऊबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले बी भेव लागते बाई, पण आयकते कोन?" संध्याकाळी घरातली माणसं एकेक करून वावरातून परत येत होती आणि मी ओट्यावर बसून ती मोजत होते.

तार अजून तिथेच आहे. आम्ही सायकलवर जातो, सामान आता खरंच कमी केलं आहे, तंबू विकून टाकला. पण दिवस मावळल्यावर गावाहून फोन आला की तो टेबलावर वाजत राहतो. मी नवऱ्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, आणि आधी कुणीच उचलत नाही.