जावेच्या हातची मालिश
ओव्याच्या तेलाचा वास आला की माझे दात आपोआप आवळले जातात. येडशीच्या घरी माळवदाच्या छतावरून पडून माझा पाय मोडला होता. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. घराची वाटणी झाल्यापासून थोरल्या जावेशी माझी बोलचाल बंद होती, आणि सासूबाईंनी मालिश करायला नेमकं तिलाच धाडलं. रोज सकाळी ती वाटीत कोमट तेल घेऊन यायची, माझ्याकडं न बघता बसायची आणि अंगठ्यानं गुडघा रगडायची. "दुखतंय का?" "न्हाय." मग ती आणखी जोर लावायची. कळ मस्तकात जायची, पण तिच्यासमोर मी एकदाही रडले नाही. "तुझ्यासाठी येत न्हाय मी, म्हातारीनं सांगितलं म्हणून येते," ती म्हणायची. "मी कुठं बोलावलंय तुम्हाला?" मी म्हणायचे. महिन्याभरात गुडघा पुरता वाकला. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, "मालिश कुणी केली?" मला धरून आणणारी जाऊ शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "माझी मीच." ती माझा दंड सोडून बाहेर गेली. आज मी कुणाच्या आधाराशिवाय चालते. तिचं दार चार पावलांवर आहे, पण खरं बोलायला मी अजून तिथं गेलेले नाही.