आंजीची सिंदीची टोपली

माझ्या भाचीने, मनीषाने, माझ्या घरातल्या टोपलीचा फोटो इंटरनेटवर टाकून खाली 'मावशीची बांबूची टोपली' असे लिहिले. ती सिंदीच्या, म्हणजे रानखजुरीच्या, पानांची आहे. दुरुस्तीला एक ओळ पुरली असती. पण ती बांबूची का नाही, हे सांगायचे तर एकोणऐंशी सालचा प्रवासच सांगावा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, लग्न पाच दिवसांवर होते. सासरी शिदोरी न्यायला आईला झाकणाची नवी टोपली हवी होती आणि वर्ध्यात मनासारखी मिळेना. सकाळच्या एसटीने मी आष्टीचा बाजार गाठला. आर्वीपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली ती एका कोंबडीशेजारी. बाजारात तुराट्यांची बिनझाकणाची डालगी रगड होती. वांग्यांना उत्तम, पुरणपोळ्यांना निरुपयोगी. एका भाजीवालीने आंजीच्या सरूबाईंचे नाव सांगितले. त्या बुरूडकाम करत.

आंजी परतीच्या वाटेवरच. या रस्त्याने याल तर डावीकडची खिडकी धरा. दुपारचे ऊन उजवीकडून येते.

सरूबाईंच्या अंगणात हिरवे बांबू पडले होते, तरी त्या नाही म्हणाल्या. नवऱ्याने ते चांदण्या पाखात, म्हणजे शुक्ल पक्षात, तोडले होते आणि टिकतो तो अंधाऱ्या पाखातला.

"आमच्या बुढ्याले बांबू दिसते, चंद्र दिसत नाई," त्या त्याच्यादेखत म्हणाल्या. तो कोयता घासत राहिला.

मी बी.एस्सी. झालेली. चंद्राचा बांबूशी काही संबंध नाही, हे मी वर्गात सांगावे तसे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. अशाच बांबूची मागल्या वर्षीची टोपली आणून उंबऱ्यावर आपटली. किड्यांनी पोखरलेले पिवळे पीठ पडले.

"हे तुमच्या बहिणीच्या पोळीवर पडन, ताई. सासू तिले बोलन, मले नाई."

दुसऱ्या कशाची होईल, एवढेच मी विचारले.

मग त्यांनी झाडूंसाठी वाळवलेली सिंदीची पाने काढून भिजवली. काठाला निरगुडीची फोक घेतली. झाडूंचा माल मोडला म्हणून बुढा कुरकुरला, तेव्हा त्याला चंद्र बघायला पाठवले. भर दुपारी. मला भाकर-झुणका वाढला आणि पाने चिरायला बसवले. काटा बोटात गेला.

"कालेजात हे नाई शिकवलं काय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा जाऊन टोपली आणली. सुमनच्या सासूने झाकण उघडले तेव्हा पाठराखीण म्हणून मी शेजारीच उभी होते. पोळ्या स्वच्छ. सासूबाईंनी टोपलीच फिरवून फिरवून पाहिली. सुमनने तिच्यात वर्षानुवर्षे पापड ठेवले, मग घर बदलताना ती माझ्याकडे दिली.

चंद्राबद्दल माझे मत अजून कच्चे आहे. उंबऱ्यावरच्या पिठाबद्दल नाही.

परवा मनीषाच्या हाती दिले ते असे: सिंदीची टोपली, एक, झाकणासह. काठाची निरगुडी एका जागी तुटलेली. देण्याआधी तिच्यासमोर उंबऱ्यावर आपटून दाखवली. काही पडले नाही.