अक्कांचा चाकू

"अक्का, चाकूला बटाटा लागला असणार," असं मी म्हणालो, तेव्हा तसं काही झालेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

श्रावणी सोमवार होता. महादेवी अक्कांच्या गाड्यासमोर गिऱ्हाइकं अर्धवट खाल्लेले रोल हातात धरून उभी होती. मधे एका ताटलीत पनीरचा तुकडा, त्यावर काळपट निळा डाग. शेजारच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या मॅडम नकली पनीरचे व्हिडिओ बघून बघून बेचैन झाल्या होत्या. त्या दिवशी आयोडीनची बाटलीच पर्समध्ये घालून आल्या आणि एक थेंब टाकून मोकळ्या झाल्या.

"पनीर दुधाचं असतं अक्का. दुधाचं असेल तर निळं पडत नाही. यात स्टार्च आहे."

"म्हंजी?"

"पीठ समजा. मैदा, मका, काहीतरी."

"उपासाला मका?" मागून एक बाई ओरडल्या. "म्हणजे माझा सोमवार मोडला की!"

पाकिटावरच्या नंबरवर अक्कांनी फोन केला आणि कंपनीने मला लगेच पाठवलं. मी पोचलो तेव्हा मॅडम आणि गिऱ्हाइकं तिथेच होती. कम्प्लेंट आली की मलाच पाठवायचे. मी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका डेअरी युनिटमध्ये क्वालिटी ऑफिसर होतो. म्हणजे मालातलं फॅट, पाणी, आंबटपणा तपासायचा आणि बॅचवर सही करायची. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे.

आता खरं काय होतं ते सांगतो. आमचं स्वस्तातलं 'पनीर' पनीर नव्हतंच. पाम तेल, दूध पावडर आणि मक्याचा स्टार्च घोटून त्याच्या वड्या पाडायच्या. या व्यवसायात त्याला ॲनालॉग म्हणतात. ते विष नाही. तसं लिहून विकलं तर गुन्हाही नाही. पनीर म्हणून विकलं तर गुन्हा. आमच्या पाकिटावर स्टिकर होता, 'शुद्ध व्हेज पनीर'. त्यात स्टार्च किती घालायचा, म्हणजे तव्यावर वडी फुटणार नाही, हे मीच बसवून दिलं होतं.

अक्का मूळच्या दुधनीच्या. रोज फ्रँकी, सँडविच विकायच्या. श्रावणातल्या सोमवारी मात्र तवा घासून पुसून, राजगिऱ्याच्या पोळीत बटाटा आणि पनीर घालून उपवासाचा रोल करायच्या. स्वतःचाही सोमवार त्या त्याच रोलवर काढायच्या. लांबून लोक यायचे, कारण अक्का उपवासाचं म्हणाल्या की ते उपवासाचं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. त्यांचा सगळा धंदा त्या शब्दावर उभा होता.

मी गाड्याकडे बघितलं. उकडलेले बटाटे आणि पनीर शेजारी शेजारी. चाकू एकच, पण पात्यावर बटाट्याचा कणही नाही. तरी मला वाट सापडली.

"बटाट्यातही स्टार्च असतो, मॅडम," मी म्हणालो. "त्याच चाकूने पनीर कापलं की निळं पडणारच."

मॅडम जरा गडबडल्या. चाकूवरचा स्टार्च तुकड्याच्या वरच्या अंगाला लागतो, आत शिरत नाही. तुकडा मोडून आतल्या बाजूला थेंब टाकला असता तर तिथेच निकाल लागला असता. त्यांना ते सुचलं नाही. मला सुचलं होतं, मी बोललो नाही.

अक्का म्हणाल्या, "थांबा की. नवं पाकीट फोडते, चाकू धुते, परत टाका थेंब."

"कशाला माल वाया घालवता अक्का?" मी म्हणालो. "मी सांगतोय ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गिऱ्हाइकांकडे वळून हात जोडले. "माजीच चूक झाली. चाकूकडं ध्यान न्हाय ऱ्हायलं. पनीर चांगलंच हाय."

लोक पांगले. काही जण रोल तिथेच ठेवून गेले. जाता जाता एक जण म्हणाला, "अक्का, पुढच्या सोमवारी निळा रोल नको, पांढराच द्या!" सगळे हसले. अक्काही हसल्या, पण पदराने चाकू पुसत राहिल्या.

मी ऑफिसला रिपोर्ट दिला, 'गैरसमज दूर केला'.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. गर्दी निम्मी होती. अक्का पनीर कापत होत्या, पण हातात चाकू नव्हता. शेजारी चादरींचा कारखाना आहे, तिथून सुताचा कोरा दोरा आणला होता. दोन्ही हातांत दोरा ताणून वडीवर दाबायच्या. वडी अलगद दुभंगायची. बटाट्याला वेगळा पाट, पनीरला वेगळा.

"चाकू पनीरला लावायचंच सोडलं," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी नवा दोरा. आता तरी निळं पडणार न्हाय न्हवं, साहेब?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि थेट आमच्या डेअरीत गेलो.

"मालक, स्टिकर बदलू या. ॲनालॉग लिहू."

"घेणार कोण मग? गाडेवाले काय 'ॲनालॉग रोल, ॲनालॉग रोल' म्हणून ओरडणार का?"

"निदान शुद्ध तरी काढा."

"का? अंडं आहे का त्यात? तेल झाडाचं, स्टार्च मक्याचा. माने, आपलं पनीर दुधाच्या पनीरपेक्षा जास्त व्हेज आहे!" ते आपल्याच विनोदावर हसले. "आपल्याकडे शुद्ध म्हटलं की लोक शाकाहारी समजतात. समजू द्या की."

"लोक उपवासाला खातात ते."

"मग देवाला कळतंय ना, माणसं फसली म्हणून! तो उपवास मोडला असं धरणार नाही. बॅचवर सही करा आणि जा."

"आजपासून करत नाही."

"पन्नाशीला आलात माने. या वयात कुठं हिंडणार?"

"बघतो."

निघताना मी पॅकिंगमधून एक बंद पाकीट उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांच्याच नव्या दोऱ्याने वडी कापायला लावली. तुकडा मोडून आतल्या बाजूला आयोडीन टाकलं. आतही निळं.

अक्कांनी तुकडा उचलून उजेडात धरला.

"अय्यो शिवा. म्हंजी त्या दिवशी माजा चाकू..."

"स्वच्छ होता अक्का."

आता विचारतील, मग तुम्ही तसं का म्हणालात? मी उत्तर जुळवून आलो होतो. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हंजी तुमालाबी फसवलं म्हना की मालकानं!"

तिथे 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. मी मान खाली घातली. त्यांनी चहा मागवला.

फूड डिपार्टमेंटच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. तक्रार अक्कांच्या नावावर, साक्षीदार मी. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "त्यास्नीबी आत्ताच कळलं की. लई सरळ मानूस हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

दुपारी मी एकटा परत गेलो आणि जबाब दिला. ॲनालॉग कधी सुरू झालं, कशात काय घालायचो, सह्या कुणाच्या, सगळं. त्यात मी काही लपवलं नाही. फक्त चाकू त्यात आला नाही. चाकूचं कुणी विचारलंच नाही.

नंतर सॅम्पल लॅबला गेलं. तिथे आयोडीनवर भागत नाही. मालातलं फॅट वितळवून त्यातून प्रकाश किती वाकतो ते मोजतात. दुधाचं फॅट आणि पाम तेल तिथे वेगळं पडतं. आमचं वेगळं पडलं. कारखान्याला दंड झाला, स्टिकर बदलला, बऱ्याच गाडेवाल्यांनी तो माल घेणं सोडलं. माझी नोकरी गेली. आता नातेपुत्याकडे एका संकलन केंद्रावर दूध तपासतो. दूध बरं असतं.

अक्कांची गर्दी परत आली. आता त्या घरी दूध फाडून पनीर करतात. गिऱ्हाइकाने मागितलं तर आयोडीनची बाटलीही पुढे ठेवतात. मी दिसलो की सगळ्यांना सांगतात, "ह्या साहेबांनी माजं नाव राखलं." मला रोल देतात. मी खातो.

आयोडीनला स्टार्च कळतो. कुणाला काय माहीत होतं, ते त्याला कळत नाही. ते ज्याचं त्याने सांगावं लागतं.

चाकू स्वच्छ होता, एवढं मी अक्कांना सांगितलं. तो स्वच्छ आहे हे मला त्या सोमवारी, गाड्यासमोर उभा असतानाच माहीत होतं, हे त्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगायचं अजून बाकी आहे.