कच्चा दम

सत्तर सालच्या सुमारास लिंबायतच्या मैदानात आम्ही बँकवाले लूमवाल्यांशी कबड्डी हरायचो, ते त्या एका खानदेशी विणकरामुळे. सामन्याआधी आम्ही फाफडा-जिलेबी हाणायचो. तो मात्र भिजवलेले मूठभर शेंगदाणे सावकाश चावायचा आणि कडेला पद्मासन घालून बसायचा. चढाईत त्याचा दम कधी तुटला नाही.

एकदा माझा दम ऐन चढाईत सुटला. सामना संपल्यावर त्यानंच मला शेजारी बसवलं, प्राणायाम शिकवला. मग रोज सकाळी शिकवत राहिला, शेंगदाणेही पुढे करायचा.

पुढल्या वर्षी शेवटच्या चढाईत मी त्यालाच बाद केलं. आम्ही जिंकलो. अंगावरची धूळ झटकत तो माझ्याकडे आला.

"दम आजून कच्चा शे, भाऊ," म्हणाला. "सकायले ये."